परतीची तयारी: ब्रिटनमधील एक वर्षाचे शिक्षण संपवून घरी येताना

ब्रिटनमध्ये एक वर्षाची पदव्युत्तर पदवी घेणारा विद्यार्थी जाण्याची तयारी आठ-दहा महिने करतो, पण परतीच्या तयारीला आठ-दहा दिवसही देत नाही, कारण डिझर्टेशन (पदवीसाठीचा प्रबंध) सादर होईपर्यंत त्याला दुसरे काही सुचत नसते आणि ते सादर झाले की विमानाची तारीख समोर येऊन उभी राहते. मी साताऱ्याहून लीड्सला गेले आणि वर्षभराने परतले तेव्हा माझेही असेच झाले. घरी आल्यानंतरचे पहिले तीन महिने मी तिथे अर्धवट सोडलेली कामे ईमेलने निस्तरत बसले होते, आणि त्यांतले एकही काम मुळात अर्ध्या तासापेक्षा मोठे नव्हते. म्हणून पुढच्या सगळ्या सूचनांमागे एकच क्रम धरला आहे: जे काम तिथल्या पत्त्यावर, तिथल्या फोन नंबरवर किंवा तिथल्या माणसासमोर बसून होते ते आधी उरकावे आणि जे घरून करता येते ते मागे ठेवावे.

चार तारखा

जुलै महिन्यात एका कागदावर चार तारखा लिहून काढाव्यात. पहिली विद्यापीठाच्या नोंदीतील अभ्यासक्रम समाप्तीची, दुसरी भाडेकरार संपण्याची, तिसरी व्हिसा संपण्याची आणि चौथी पदवीदान समारंभाची. या चारही वेगवेगळ्या असतात आणि बहुतेक घोटाळे एक तारीख दुसरीच्या जागी धरल्यामुळे होतात. बारा महिने किंवा त्याहून अधिक मुदतीच्या अभ्यासक्रमासाठी दिलेला विद्यार्थी व्हिसा अभ्यासक्रम संपल्यानंतर आणखी चार महिने चालतो, त्यामुळे सप्टेंबरमध्ये अभ्यास संपला तरी जानेवारीपर्यंत राहता येते. काउन्सिल टॅक्सची, म्हणजे राहत्या घरावरच्या स्थानिक कराची, विद्यार्थ्यांना असलेली माफी मात्र अभ्यासक्रम संपण्याच्या तारखेलाच थांबते. खासगी घरात राहणाऱ्याचा अभ्यासक्रम १२ सप्टेंबरला आणि भाडेकरार ३० सप्टेंबरला संपत असेल, तर मधल्या दिवसांचे बिल येऊ शकते. हे नगरपालिकेला आधीच विचारून ठेवावे, म्हणजे ते बिल रिकाम्या घराच्या दारात पडून राहत नाही.

व्हिसाची नोंद आता ई-व्हिसा म्हणून ऑनलाइन खात्यात असते. त्या खात्याला विद्यापीठाचा ईमेल जोडलेला असेल तर तो लगेच बदलावा, कारण विद्यापीठाचा ईमेल काही काळाने बंद होतो आणि मग खात्यात शिरण्याचा मार्गच उरत नाही. हाच नियम बँक, वीज कंपनी आणि नोकरीच्या संकेतस्थळांनाही लावावा. त्या ईमेलमध्ये आणि विद्यापीठाच्या क्लाउडमध्ये असलेली स्वतःची टिपणे, प्रश्नावल्या, आकडेवारी आणि डिझर्टेशनचे सगळे मसुदे हार्ड डिस्कवर उतरवून घ्यावेत.

निकाल साधारणपणे नोव्हेंबरमध्ये आणि समारंभ डिसेंबरच्या सुमारास असतो. त्या एका दिवसासाठी अडीच महिन्यांचे भाडे भरून थांबावे की नाही, हा प्रत्येकाच्या खिशाचा प्रश्न आहे. माझे मत असे, की आई-वडील समारंभाला येणार असतील तर जरूर थांबावे, आणि येणार नसतील तर अनुपस्थितीत पदवी घेण्याचा अर्ज भरून निघावे.

पदवीवरचे नाव

हा भाग मराठी विद्यार्थ्यांनी विशेष लक्षपूर्वक वाचावा. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. पासपोर्टवर पहिली दोन पदे बहुधा ‘दिलेले नाव’ या एकाच रकान्यात जातात, तर विद्यापीठाच्या नोंदीत कधी वडिलांचे नाव गळते, कधी त्याचे केवळ आद्याक्षर उरते, आणि लग्न झालेल्या मुलींच्या बाबतीत माहेरचे व सासरचे नाव एकत्र येते. पुढे नोकरी देणारी संस्था, समकक्षता प्रमाणपत्र देणारे कार्यालय आणि दुसऱ्या देशाचा व्हिसा या सगळ्यांना पासपोर्टवरचे आणि पदवीवरचे नाव अक्षरशः सारखे हवे असते. पदवी छापण्यापूर्वी नाव बदलणे म्हणजे विद्यार्थी पोर्टलवर एक अर्ज भरणे असते. छापल्यानंतर तेच काम शुल्क, प्रतिज्ञापत्र आणि कुरिअर यांच्या फेऱ्यात अडकते. निघण्यापूर्वी पोर्टलवरचे नाव पासपोर्ट समोर ठेवून पाहावे आणि पदवी पाठवण्यासाठी भारतातील पत्ता पिनकोड व मोबाइल क्रमांकासह भरावा.

ज्यांना पदवीवर अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे सरकारी प्रमाणन) लागणार आहे त्यांनी ती सोय निघण्यापूर्वी ठरवून ठेवावी. ब्रिटिश पदवी प्रमाणपत्र आधी तिथल्या सॉलिसिटरकडून किंवा नोटरीकडून प्रमाणित करावे लागते आणि मगच ते ब्रिटनच्या परराष्ट्र खात्याच्या लीगलायझेशन कार्यालयात जाते. पदवी नोव्हेंबरनंतर हाती येणार असल्यामुळे हे स्वतः करणे शक्य होत नाही. विश्वासातल्या एखाद्या मित्राच्या पत्त्यावर पदवी मागवून त्याच्याकडून हे काम करून घेणे सोपे पडते. पदव्यांच्या परस्पर मान्यतेबाबत भारत आणि ब्रिटन यांच्यात जुलै २०२२ मध्ये करार झाला आणि त्यामुळे एक वर्षाच्या ब्रिटिश मास्टर्सविषयीची जुनी शंका बरीचशी मिटली. तरीही सरकारी नोकरी, प्राध्यापकपद किंवा पीएच.डी. करायची असेल तर समकक्षता प्रमाणपत्र मागितले जाते आणि त्यासाठी गुणपत्रिका, अभ्यासक्रमाची सविस्तर रूपरेषा आणि प्रवेशपत्र लागण्याची शक्यता असते. अभ्यासक्रमाची रूपरेषा तुमच्या वर्षाचीच हवी. पुढच्या वर्षी संकेतस्थळावर नवी येते आणि जुनी सापडत नाही.

प्राध्यापकांकडे शिफारसपत्राचा विषय समोर बसून काढावा. आपण पुढे काय करू इच्छितो ते दहा मिनिटे सांगितले तर दोन वर्षांनीही त्यांना आपला चेहरा आणि काम आठवते.

घर, डिपॉझिट, बँक आणि सिमकार्ड

या चार गोष्टी एकमेकींना बांधलेल्या आहेत, त्यामुळे त्या उलट क्रमाने सोडवाव्या लागतात. डिपॉझिट परत यायला बँक खाते उघडे हवे, बँक खाते वापरायला तिथला फोन नंबर चालू हवा आणि फोन नंबर चालू राहायला महिन्याचा करार संपवून तो प्रीपेडवर न्यायला हवा. पहिल्याच उत्साहात सिमकार्ड बंद करणारा विद्यार्थी पुढची सगळी दारे आपल्या हाताने लावून घेतो. दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त प्रीपेड योजनेत तोच नंबर न्यायचा असेल तर ६५०७५ या क्रमांकावर पीएसी असा संदेश पाठवावा. उत्तरात नंबर बदलून नेण्याचा कोड येतो. मात्र प्रीपेड नंबर दीर्घकाळ न वापरल्यास कंपनी तो काढून घेते, म्हणून मुदतीचा नियम वाचून कॅलेंडरमध्ये आठवण लावावी.

इंग्लंडमध्ये घरमालकाने डिपॉझिट सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत ठेवणे बंधनकारक आहे. तुमचे डिपॉझिट कोणत्या योजनेत आहे आणि त्याचा क्रमांक काय, हे निघण्याआधी शोधून ठेवावे. माझ्या घराच्या एजंटने ‘सफाई’ या एका शब्दाखाली बरीच रक्कम कापली होती. राहायला गेले त्या दिवशी काढलेली छायाचित्रे माझ्याजवळ होती, पण निघतानाची नव्हती, आणि तक्रारीत दोन्ही लागतात. तेव्हा चावी देण्याच्या दिवशी, दिवसाच्या उजेडात, प्रत्येक खोलीची, ओव्हनच्या आतली, फ्रीजमागची, गादीच्या दोन्ही बाजूंची आणि विजेच्या मीटरची छायाचित्रे काढून ती त्याच दिवशी स्वतःला ईमेल करावीत. कपात मान्य नसेल तर योजनेकडे वाद विनामूल्य नेता येतो.

आपल्या स्वयंपाकाच्या खुणा तिथल्या पांढऱ्या ओट्यावर ठळक उमटतात. फोडणीचे भिंतीवर उडालेले शिंतोडे आणि एक्झॉस्टच्या जाळीत बसलेला तेलकट थर यांवर शेवटच्या आठवड्यात दोन दिवस खर्च करावेत. हळदीच्या डागावर खाण्याच्या सोड्याचा ओलसर लेप तासभर ठेवून पुसल्यास तो फिका होतो, आणि खिडकीतून ऊन येत असेल तर उरलेले काम ऊन करते.

तिथे अर्धवेळ नोकरी केली असेल तर शेवटच्या पगारासोबत पी४५ हा कागद मागून घ्यावा. वर्षाचे १२,५७० पौंडांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त असते आणि बहुतेक विद्यार्थ्यांची कमाई त्याच्या आत राहते. तरीही सुरुवातीला चुकीचा कर-संकेत (टॅक्स कोड) लागल्याने पगारातून कर कापला गेलेला असतो. देश सोडताना पी८५ हा अर्ज भरला की जादा कापलेला कर परत मिळतो. माझ्या वर्गातील अनेकांनी हे केलेच नाही, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हते. हा पैसा कष्टाचा असतो, पहाटे उठून मिळवलेला असतो. तो सोडू नये.

मधले दिवस आणि थोडा प्रवास

डिझर्टेशन सादर केल्यापासून घर सोडेपर्यंत दोन-तीन आठवडे मिळाले तर ते प्रवासाला द्यावेत, आणि तो प्रवास शक्यतो ब्रिटनमध्येच करावा. युरोप पाहण्याची ओढ मी समजू शकते, परंतु शेंगेन व्हिसासाठी ब्रिटनमधील वास्तव्याची मुदत परतीनंतर आणखी तीन महिने शिल्लक असणे सहसा अपेक्षित असते, त्यामुळे जानेवारीत व्हिसा संपणाऱ्याने ही सहल उन्हाळ्यातच आटोपलेली बरी. बेलफास्टला जायला वेगळा व्हिसा लागत नाही, कारण उत्तर आयर्लंड हा ब्रिटनचाच भाग आहे. तिथून डब्लिनची बस सहज मिळते आणि सीमेवर नाकेही दिसत नाही. तरीही भारतीय पासपोर्टधारकाला आयर्लंडचा व्हिसा घेतल्याशिवाय ती सीमा ओलांडता येत नाही. घरी निघायच्या आठवड्यात असा धोका पत्करू नये.

उत्तर इंग्लंडमध्ये शिकणाऱ्यांनी लीड्सहून कार्लाइलपर्यंत जाणारी सेटल–कार्लाइल रेल्वे एकदा तरी करावी. रेलकार्ड असेल तर तिकिटात एक तृतीयांश सवलत मिळते. वाटेत रिबलहेडचा चोवीस कमानींचा दगडी पूल लागतो. १८७० च्या दशकात तो उघड्या माळावर, झोपड्यांत राहणाऱ्या मजुरांनी बांधला. बोरघाटातून पुण्या-मुंबईला ये-जा करत मोठ्या झालेल्या मला तो पाहताना आपला १८६३ चा घाट आणि तो खोदणारी माणसे आठवली, आणि वर्षभर परक्या वाटलेल्या त्या प्रदेशाशी शेवटच्या आठवड्यात नाते जुळले.

लंडनहून विमान असेल तर एक दिवस आधी पोहोचावे आणि प्रिमरोज हिलजवळील १०, किंग हेन्रीज रोड हे घर पाहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना तिथे राहत होते. २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने ते विकत घेऊन स्मारक केले. ज्याने नुकतेच स्वतःचे शिक्षण संपवले आहे त्याने त्या खोल्यांत थोडा वेळ उभे राहावे. १९३२ मध्ये स्थापन झालेले लंडनचे महाराष्ट्र मंडळही याच शहरात आहे, आणि डिझर्टेशनच्या धावपळीत हुकलेला गणपती तिथे भेटण्याची शक्यता असते.

सामान

बाबासाहेबांचा विषय निघालाच आहे तर सामानाबद्दलची सर्वांत मोठी सूचना त्यांच्याच आयुष्यातून घ्यावी. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने ते लंडनहून परत निघाले तेव्हा त्यांची पुस्तके व सामान दुसऱ्या जहाजाने यायचे होते, आणि ते जहाज महायुद्धात टॉर्पेडोने बुडाले. आज टॉर्पेडोची भीती नाही, पण मूळ कागदपत्रे, संशोधनाची टिपणे, हार्ड डिस्क आणि ज्याची दुसरी प्रत नाही अशी कोणतीही वस्तू डोळ्यांआड होऊ देऊ नये. हे सारे पाठीवरच्या पिशवीत असावे, चेक-इनच्या बॅगेत नव्हे.

बाकी सामान निर्दयपणे कमी करावे. गादीवरची जाड रजई, कुकर, तवा, पोळपाट-लाटणे, मिसळणाचा डबा, भाताचे पातेले या वस्तू सप्टेंबरमध्ये येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांना द्याव्यात. त्यांना पहिल्या रात्री यांचीच गरज असते. चांगले कपडे आणि भांडी ब्रिटिश हार्ट फाउंडेशनसारख्या संस्थांच्या दुकानांत घेतात. पुस्तकांचे वजन नेहमी अंदाजापेक्षा जास्त भरते, म्हणून ग्रंथालयात किंवा भारतात मिळणारी पुस्तके तिथेच विकावीत आणि समासात स्वतःच्या नोंदी असलेली तेवढी आणावीत. थंडीचा जाड कोट अंगावर घालून विमानात बसावे. त्याच्या खिशांत बरेच काही मावते.

अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सीमाशुल्काविना आणता येतो. भावासाठी घेतलेल्या दुसऱ्या लॅपटॉपवर शुल्क लागू शकते. ई-सिगारेट भारतात २०१९ पासून प्रतिबंधित आहे, तेव्हा कोणी मित्राने कितीही आग्रह केला तरी ती आणू नये. शुल्कमुक्त सामानाच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर त्या पाहाव्यात.

निघण्याचा दिवस

ब्रिटनमधून बाहेर पडताना पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत. देश वेळेत सोडल्याचा पुरावा म्हणून बोर्डिंग पास जपून ठेवावा. शासकीय शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनी तो तिकिटासह फाइलमध्ये लावावा, कारण प्रवासखर्चाचा हिशेब देताना तोच मागितला जाण्याची शक्यता असते. नागपूर, गोवा किंवा छत्रपती संभाजीनगरचे पुढचे विमान मुंबईहून असेल तर बॅगा मुंबईतच ताब्यात घेऊन, सीमाशुल्क ओलांडून, पुन्हा द्याव्या लागतात. या कामाला किमान तीन-चार तास ठेवावेत. रात्री उशिरा उतरून स्वतः गाडी चालवत घाट उतरणे-चढणे टाळावे. मला घ्यायला आलेल्या मामांना मी पनवेलला थांबून चहा घ्यायला लावला होता, आणि तो निर्णय योग्य होता, कारण त्यांनीही रात्रभर डोळा मिटला नव्हता.

घरी

हल्ली न कळवता अचानक दारात उभे राहण्याची पद्धत पडली आहे. ती टाळावी असे मी आग्रहाने सांगेन. आई-वडिलांना वाट पाहण्याचाही एक आनंद असतो. ते आठवडाभर आधीपासून खोली आवरतात, दळण आणतात, शेजाऱ्यांना सांगतात. तो आनंद त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये, आणि रक्तदाब असलेल्या माणसाला असा धक्का देऊ नये.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे निघण्याच्या दोन आठवडे आधी घरी फोन करून शांतपणे विचारावे, “मला काय काय सांगायचं राहिलंय?” परदेशी शिकणाऱ्या मुलापासून घरचे लोक बरेच काही लपवतात. परीक्षा आहे, थंडी आहे, पोर एकटे आहे, मग कशाला त्रास द्यायचा, असा त्यांचा विचार असतो. माझी आजी मार्चमध्ये पडली आणि तिच्या खुब्याचे ऑपरेशन झाले. व्हिडिओ कॉलवर ती नेहमी उशीला टेकून बसलेली दिसायची आणि मी त्याचा अर्थ लावला नाही. घरात शिरले आणि ती वॉकर धरून उभी राहिली, तेव्हा मला आधी राग आला. आल्या दिवशी घरच्यांवर रागावण्याची वेळ मी स्वतःवर आणली, कारण मी विचारले नव्हते. उत्तर फोनवर मिळाले असते तर रडणे तिथे झाले असते आणि इथे मी आजीजवळ बसले असते.

आपणही त्यांच्यापासून लपवलेले असते. डिसेंबरात दुपारी चारला अंधार पडायचा तेव्हाचे दिवस, नापास झालेला पेपर, उसने घेतलेले पैसे, जेवण न करता झोपलेल्या रात्री. हे सगळे पहिल्या रात्री पाहुण्यांसमोर नव्हे, पण पहिल्या महिन्यात कधीतरी, आई भाजी निवडत असताना किंवा वडिलांसोबत गाडीवर जाताना सांगावे. माझ्या वडिलांनी ऐकून घेतले, थोडा वेळ काही बोलले नाहीत आणि मग स्वतःच्या वसतिगृहातल्या पहिल्या वर्षाबद्दल बोलले, जे मी कधीच ऐकले नव्हते.

पहिले काही दिवस झोप उशिरा लागते. उन्हाळी वेळेत साडेचार तासांचा फरक असतो आणि तो चार-पाच दिवसांत भरून निघतो. पोटाला मात्र अधिक वेळ द्यावा, पाणी उकळून प्यावे आणि पहिल्याच आठवड्यात सगळ्या मावश्यांकडची जेवणे स्वीकारू नयेत. “आता पुढे काय?” हा प्रश्न दररोज येईल. त्याला एक सत्य आणि आखूड उत्तर ठरवून ठेवावे, उदाहरणार्थ “डिसेंबरपर्यंत अर्ज करतेय”, आणि तेच सर्वांना द्यावे. तिकडे काय चांगले होते ते कोणी विचारले तर मनापासून सांगावे. न विचारता दर वेळी तुलना काढली तर ती घरच्यांच्या जिवाला लागते. तिथे स्वतःचे ताट धुण्याची, आठवड्याचा स्वयंपाक करण्याची सवय लागलेली असते. ती इथे आल्यावर सोडू नये, विशेषतः मुलग्यांनी.

मागे ठेवलेली कामे

बँकेने भारतातले खाते एनआरओ (अनिवासी भारतीयाचे खाते) केले असेल तर परतल्याचे कळवून ते पुन्हा निवासी करून घ्यावे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते कधी सुरू होतात ते मंजुरीपत्रात पाहावे. ही मुदत नोकरीची वाट पाहत नाही. ब्रिटिश खाते डिपॉझिट आणि कराचा परतावा जमा होईपर्यंत उघडे ठेवावे. मात्र परतल्यानंतर भारतात निवासी ठरणाऱ्या व्यक्तीला ते खाते, त्यात अगदी दहा पौंड असले तरी, प्राप्तिकर विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात दाखवावे लागते, आणि त्यासाठी आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ भरावा लागतो. हे परिशिष्ट कॅलेंडर वर्षाप्रमाणे असते, म्हणून खाते ज्या वर्षी बंद केले त्या वर्षाचीही नोंद करावी. बंद करण्यापूर्वी पूर्ण काळाची विवरणे उतरवून घ्यावीत आणि खाते बंद झाल्याचे पत्र मागून ते बोर्डिंग पासच्या मागे, त्याच फाइलमध्ये लावावे.